नॅनोट्यूबचा सेन्सर दुधाच्या कॅनपाशी का अडतो?

प्रश्न असा आला: "आमच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, सेन्सरने दुधातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष काही मिनिटांत कळतं असं वाचलं. खरं आहे का? सध्या मिळतात त्या तपासणीच्या पट्ट्या घ्याव्यात की या यंत्रासाठी थांबावं? आणि त्या नळ्याच दुधात उतरल्या तर?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचे पैसे अडकलेत. थांबू नका, पट्ट्या घ्या. मी सात वर्षं अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी या, नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर अफ्लाटॉक्सिन मोजलं आणि पुढची बारा वर्षं तेच मोजणारे सेन्सर बनवण्यात घालवली. त्यातले बरेच नॅनोट्यूबचे होते. म्हणजे या विषयाचं मला वावडं नाही, उलट लळाच आहे. तरीही आज संकलन केंद्राच्या टेबलावर ठेवा असं सांगण्याजोगं नॅनोट्यूबचं यंत्र मी पाहिलेलं नाही. ते का, हे नीट सांगायचं तर विषापासून सुरुवात करावी लागेल.

1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेताघेता बोट गेलं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीकडे, आणि पेंडीतल्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीकडे. त्या नावाच्या तुकड्यांतूनच 'अफ्लाटॉक्सिन' हा शब्द जुळवला. आपल्याकडे 1974 च्या पावसाळ्यानंतर गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला मका खाऊन 397 माणसं काविळीने आजारी पडली, त्यातली 106 दगावली. केनियात 2004 मध्ये पुन्हा मकाच, आणि 125 मृत्यू. हे झटक्याने मारणारे प्रसंग. रोज थोडंथोडं पोटात जाऊन यकृताचा कर्करोग होतो तो वेगळाच, त्याची बातमी होत नाही.

तुमच्या दुधात जे उतरतं त्याला एम-1 म्हणतात. गाय-म्हैस बुरशीची पेंड किंवा मका खाते, तिचं यकृत बी-1 या मूळ विषाचं एम-1 करतं आणि त्यातला थोडा भाग दुधातून बाहेर येतो. उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननेही जात नाही. दुधातल्या केसीन या प्रथिनाला ते चिकटून राहतं, म्हणून पनीर-चीजमध्ये त्याचं प्रमाण वाढतं आणि तुपात फारसं सापडत नाही. आपल्याकडे दुधाची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, युरोपात त्याच्या एक दशांश, म्हणजे 0.05. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये देशभरातून 6,432 नमुने घेतले, त्यातल्या 368 मध्ये एम-1 मर्यादेबाहेर निघालं. त्या पाहणीत पाण्याच्या आणि युरियाच्या भेसळीपेक्षा हाच मोठा डाग होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती भेसळच.

आता 0.5 मायक्रोग्रॅम म्हणजे किती ते डोळ्यांपुढे आणा. 10,000 लिटरचा टँकर भरलाय आणि त्यात सगळं मिळून 5 मिलिग्रॅम विष आहे. चिमूटभर मिठाच्याही ते कितीतरी खाली. त्याच दुधात प्रथिनं मात्र वजनाने साडेसहा कोटी पट. सेन्सरला एवढ्या गर्दीतून नेमका तोच रेणू हुडकायचा असतो.

इथे नॅनोट्यूब येते. ग्राफाइटचा एकच थर घेऊन त्याची सुरळी केली तर जी नळी होईल, ती ही. 1991 मध्ये जपानच्या सुमियो इजिमा यांच्या शोधनिबंधाने तिच्याकडे जगाचं लक्ष गेलं. एकेरी भिंतीची नळी साधारण 1 ते 2 नॅनोमीटर जाड असते, आणि तिच्यातला प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. आत लपलेलं काही नाही. म्हणून बाजूला काही येऊन बसलं की नळीतून वाहणारी वीज लगेच बदलते. तांब्याच्या तारेला कुणी हात लावला तर तिच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना पत्ताही लागत नाही. या नळीला आतलं असं काही नाहीच. 1998 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने एका नळीचा ट्रान्झिस्टर केला. 2000 मध्ये स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने त्याच तत्त्वावर नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया वायू ओळखून दाखवले. 2003 मध्ये डेल्फ्टकरांनी नळीवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवलं. तिथून जैवसंवेदकांचा जो ओघ सुरू झाला तो अजून थांबलेला नाही.

नुसत्या नळीला मात्र अफ्लाटॉक्सिन आणि दुधाची साय यांतला फरक कळत नाही. तिच्यावर ओळखणारा कुणीतरी बसवावा लागतो: अँटिबॉडी म्हणजे ठरावीक रेणूच पकडणारं प्रथिन, किंवा अ‍ॅप्टामर म्हणजे डीएनएचा नेमक्या घडीचा लहान तुकडा. बसवायच्या दोन रीती आहेत. एक, नळ्या नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात शिजवून त्यांच्यावर कार्बॉक्सिल गट उगवायचे आणि त्यांना अँटिबॉडी रासायनिक बंधाने जोडायची. पकड घट्ट येते, पण आम्लाने नळीला भोकं पडतात आणि तिचं विद्युतवहन घसरतं. दुसरी, पायरीन नावाचा चपटा रेणू नळीवर नुसता चिकटवायचा आणि त्याच्या शेपटीला अँटिबॉडी बांधायची. नळी शाबूत राहते. मी या दुसऱ्या रीतीचा. आमच्या प्रयोगशाळेतले निम्मे लोक पहिलीचे, आणि जेवणाच्या सुट्टीत यावरून वाद ठरलेला.

उरलेल्या उघड्या जागेवर दुधातली प्रथिनं येऊन बसू नयेत म्हणून ट्वीन-20 हा साबणासारखा पदार्थ किंवा गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन लावून ती जागा आधीच भरून टाकतात. काम किरकोळ वाटतं, पण सेन्सर फसतात ते बहुतेक इथेच.

इथवर सगळं छान आहे. अडचण अशी की अफ्लाटॉक्सिन हा या नळीसाठी जणू मुद्दाम वाईट निवडलेला रेणू आहे. ट्रान्झिस्टरसारखी चालणारी नळी प्रामुख्याने विद्युतभार ओळखते. मोठं प्रथिन आलं, त्याच्यावर भार असला, की तिला कळतं. अफ्लाटॉक्सिन बी-1 चा रेणुभार आहे 312, अँटिबॉडीचा दीड लाखाच्या घरात, आणि अफ्लाटॉक्सिनवर विद्युतभार शून्य. हत्तीच्या पाठीवर चिमणी बसली तर वजनकाट्याला काय कळणार?

म्हणून उलटा डाव खेळतात. नळीवर आधीच अफ्लाटॉक्सिन बांधून ठेवायचं. नमुन्यात ठरावीक मापाची अँटिबॉडी मिसळायची आणि ते मिश्रण नळीवर सोडायचं. नमुन्यात विष नसेल तर सगळी अँटिबॉडी नळीवर येऊन बसते आणि मोठा संकेत मिळतो. विष असेल तर अँटिबॉडीचे हात आधीच अडकलेले, नळीवर येणारी कमी, संकेत लहान. एसटीत चढण्याआधीच कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या की आत किती जणांना उभं राहावं लागलं यावरून रुमाल मोजायचे, तसं. पट्टीवरही हाच खेळ असतो; म्हणून तिच्यावरची तपासणीची रेघ पुसट झाली की नमुना वाईट. नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, तेवढं तुमच्या केंद्रावरच्या मुलांना शिकवून ठेवा.

दुसरी अडचण मिठाची. पाण्यात क्षार असले की कुठल्याही भाराभोवती विरुद्ध भाराचे आयन गोळा होतात आणि तो झाकून टाकतात. किती अंतरापर्यंत तो भार जाणवेल, याला डेबाय लांबी म्हणतात. जत्रेत गर्दी जितकी दाट तितकी हाक जवळच विरते, तसंच. दुधात ही लांबी जेमतेम 1 नॅनोमीटर भरते. अँटिबॉडीच दहा-एक नॅनोमीटर उंच. म्हणजे तिच्या टोकाला जे घडतं ते तळाशी असलेल्या नळीला ऐकूच येत नाही. मग दूध शंभर पट पातळ करा, लांबी दहा नॅनोमीटरच्या आसपास जाते. झालं? नाही झालं, कारण विषही शंभर पट पातळ झालं: लिटरला 0.5 मायक्रोग्रॅमचं 0.005 राहिलं. यातून वाट काढायला अँटिबॉडी दुधातच बसू देतात, मग धुऊन काढतात आणि मोजणी कमी क्षाराच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणात करतात. जमतं, पण 'थेंब टाका, आकडा वाचा' ही गंमत गेली. मधे धुण्याची पायरी आली, पंप आला, पिचकारी आली, माणूस आला.

शोधनिबंधातले चमकदार आकडे वाचताना म्हणून मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो: मोजलं कशात? शुद्ध बफरमध्ये की दुधात? बफरमध्ये अवाढव्य संवेदनशीलता दाखवणारे सेन्सर मीही बनवलेत. त्यातला एक मी दुकानातून आणलेल्या पिशवीतल्या दुधात बुडवला, तर विष घातलं काय, न घातलं काय, वक्र सारखाच. त्या दिवशी मी लवकर घरी गेलो.

हे तंत्र जिथे खरंच चाललं असं एक उदाहरण मला फार आवडतं, आणि ते दुधाचं नसून पाण्याचं आहे. चीनमधल्या वूशी शहराला ताइहू सरोवराचं पाणी. 2007 च्या उन्हाळ्यात सरोवरात निळ्या-हिरव्या शेवाळाचा असा तवंग आला की सुमारे 20 लाख लोकांचं नळाचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. असल्या शेवाळातून मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष येतं. त्याच शहरातल्या जियांगनान विद्यापीठाने अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या निकोलस कोटोव्ह यांच्याबरोबर 2009 मध्ये एक कागदी सेन्सर प्रसिद्ध केला. नॅनोट्यूब आणि अँटिबॉडी एकत्र घोळून त्या शाईत साधा कागद बुडवायचा, सुकवायचा, की कागद वीज वाहू लागतो. यात भार ओळखायचा नसतोच. नळ्यांच्या जाळ्यात एका नळीवरून दुसरीवर वीज उडी मारून जाते. अँटिबॉडीला विष चिकटलं की मधली फट बदलते आणि कागदाचा रोध बदलतो. मिलिलीटरला 0.6 नॅनोग्रॅमपर्यंत ओळख पटली. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा 1 नॅनोग्रॅम आहे, म्हणजे सेन्सर मर्यादेच्या आत बसला. वेळ एलायझा या प्रयोगशाळेत अँटिबॉडीने करायच्या नेहमीच्या चाचणीच्या एक दशांशाहून कमी.

का जमलं? पाण्यात साय नाही, केसीन नाही, गाळायची-काढायची भानगड नाही. नमुना म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजेच नमुना.

आता याच्याशी शेंगदाणा ताडून पाहा, कारण तुमच्या पेंडीचं मूळ तिथेही असतं. शेंगदाण्यातलं विष आधी बाहेर काढावं लागतं. 25 ग्रॅम दळलेले दाणे 125 मिलिलीटर पाणी मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये घुसळायचे. किलोला 15 मायक्रोग्रॅम विष असेल तर अर्कात ते लिटरला 3 मायक्रोग्रॅम होतं. एवढ्या मिथेनॉलमध्ये अँटिबॉडी काम करत नाही, म्हणून अर्क दहापट पातळ केला की उरलं 0.3. म्हणजे 15 ची मर्यादा तपासायला सेन्सरला 0.3 खात्रीने दिसलं पाहिजे, आणि ते शेंगदाण्याच्या तेलकट अर्कात. नॅनोट्यूबला एवढं दिसतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दळण, मिथेनॉल, गाळण, मोजमाप एवढं सगळं करून झाल्यावर शेवटची दोन मिनिटं वाचली काय आणि न वाचली काय?

त्याहून मोठं दुखणं नमुना घेण्याचं. बुरशी पोत्यात सारखी पसरत नाही. एखाद्याच दाण्यात किलोला दहा लाख मायक्रोग्रॅम या प्रमाणात विष सापडल्याची नोंद आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा म्हणजे 500 मायक्रोग्रॅम. तो 5 किलो स्वच्छ दाण्यांत पडला की अख्खी पिशवी किलोला 100 मायक्रोग्रॅमवर जाते. त्या पिशवीतून मूठभर दाणे घेऊन तपासले तर तो दाणा मुठीत येतो की नाही, यावर निकाल. म्हणूनच युरोपात पाठवायच्या मोठ्या लॉटमधून जागोजागचे शंभर-एक छोटे भाग मिळून 20 किलोच्या घरात नमुना घेतात, सगळा दळतात आणि मग त्यातला चमचाभर तपासतात. प्रयोगशाळेत असताना एकाच पोत्याचे दोन वेगळे निकाल हातात घेऊन व्यापारी भांडायला यायचे. यंत्र दोन्ही वेळा बरोबर असायचं, मुठी वेगळ्या असायच्या.

दूध इथे नशीबवान आहे. ढवळलं की सगळीकडे सारखं. म्हणून नॅनोट्यूब सेन्सर अन्नविषासाठी कधी गावात आलाच तर तो आधी दुधासाठी आणि पाण्यासाठी येईल असं मला वाटतं. दाणे-मका बराच मागे राहील.

बनवण्याची बाजूही सांगतो, कारण भाव तिथे ठरतो. एकेरी नळ्या तयार होतात तेव्हा ढोबळमानाने एक तृतीयांश धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात. ट्रान्झिस्टरला अर्धवाहकच हव्यात. त्या वेगळ्या करता येतात, पण स्वस्तात नाही. शिवाय नळ्या वाढवताना लोह, निकेल किंवा कोबाल्टचे कण लागतात आणि ते मागे उरतात. 2006 मध्ये ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने दाखवलं की हायड्रोजन पेरॉक्साइड ओळखण्याचं जे श्रेय बहुभिंती नळ्यांना मिळत होतं, ते प्रत्यक्षात त्यांच्यात उरलेल्या लोहाच्या ऑक्साइडचं होतं. हे वाचून मी आमची दोन वर्षांची वही पुन्हा उघडली होती. नळ्यांचा नवा डबा आला की आकडे का बदलतात, त्याचा उलगडा तेव्हा झाला. शंभर सेन्सर छापले आणि शंभरही सारखे निघाले, हे अजून साधत नाही. ग्लुकोमीटरच्या पट्टीला ते साधलंय, पण तिथे मोजायची साखर लाखो पटींनी जास्त असते.

वायूंच्या बाबतीत गाडी पुढे आहे. एमआयटीचे टिमोथी स्वेगर यांच्या गटाने 2012 मध्ये फळं पिकताना सुटणारा इथिलीन आणि 2015 मध्ये मांस नासताना सुटणारी अमाइन संयुगं नॅनोट्यूबवर ओळखली. वायू स्वतःच चालत सेन्सरपर्यंत येतो. दळायचं, काढायचं, धुवायचं काही नाही. अफ्लाटॉक्सिन मात्र उडत नाही, त्याला वास नाही. पेंड कुबट लागते ती बुरशीमुळे, आणि बिनवासाच्या पेंडीतही विष असू शकतं.

तेव्हा उद्या कुणी असं यंत्र विकायला आलं तर त्याच्यासमोर म्हशीचं कच्चं दूध ठेवा. फॅट जास्त, म्हणून परीक्षा अवघड. त्याच दुधाचा एक भाग एचपीएलसीच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पाठवा आणि विक्रेता स्वतःचा आकडा लिहून देईपर्यंत त्याला प्रयोगशाळेचा आकडा सांगू नका. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या यंत्राच्या पट्ट्या किती दिवस टिकतात ते विचारा. एका खोक्यातल्या दहा पट्ट्यांवर एकच दूध टाकून दाखवायला सांगा. विक्रेता इथे चहा मागवू लागला तर समजून घ्या.

तोवर पट्टी टँकरला आणि संशय आला तर कॅनला. रोज प्रत्येक कॅनला लावणं परवडणार नाही, आणि गरजही नाही. पट्टी वाईट दाखवेल तेव्हा त्या गोठ्यातली सरकी पेंड, मका आणि मुरघास बघा. पोती भिंतीला टेकून जमिनीवरच ठेवलेली असतात. खुराक बदलला की तीन-चार दिवसांत दुधातलं एम-1 उतरतं. शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो ऐकतो, नुसतं दूध परत पाठवलं तर तो दुसऱ्या केंद्रावर घालतो.

राहिला शेवटचा प्रश्न, नळ्या दुधात उतरण्याचा. भीती अगदीच निराधार नाही. लांब, ताठ, बहुभिंती नळ्या उंदरांच्या शरीरात अ‍ॅस्बेस्टॉससारखा त्रास देतात हे 2008 मध्ये दिसलं. त्यांतल्या एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलं. पण तो धोका कोरडी भुकटी श्वासात जाण्याचा, म्हणजे नळ्या बनवणाऱ्यांचा. आम्ही ती हवाबंद पेटीत हाताळतो. सेन्सरवर त्या मायक्रोग्रॅमच्या हिशेबात असतात, चिकटवलेल्या असतात, आणि दुधाचा थेंब सेन्सरवर जातो, सेन्सर कॅनमध्ये जात नाही. असं यंत्र कधी आलंच तर तपासलेला थेंब परत कॅनमध्ये ओतायचा नाही, एवढं फलकावर ठळक लिहून लावा. लॅक्टोमीटरचं दूध परत ओतायची सवय सगळीकडे आहे.